महिला मंडळाचं स्नेहभोजन: आधी हात मोजा, मेनू नंतर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळात साधारण ३५ बायका आहेत, डिसेंबरमध्ये वार्षिक स्नेहभोजन करायचंय, नवरे, मुलं, सासू-सासरे, पाहुणे धरून १२० च्या आसपास ताटं होतील, केटरर नकोय कारण तेवढे पैसे नाहीत आणि आपल्या हातानंच करायचं अशी सगळ्यांची इच्छा पण आहे. पण गेल्या वर्षी शेवटी चार-पाच जणींनीच सगळं ओढलं आणि त्यातल्या दोघी आता मंडळात यायच्याच बंद झाल्यात. तर यंदा कामाची वाटणी नीट कशी करायची.

ताई, मी नगर भागातल्या एका मराठी मंडळीत बरीच वर्षं हेच काम बघतेय, स्त्रियांचा रविवार, कापणीचा सण, पाळकांचा (म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा) निरोप समारंभ, जागतिक प्रार्थना दिनानंतरचं जेवण, सगळं आमच्याच स्वयंपाकघरातून होतं, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, वाचून घ्या.

सगळ्यात आधी, मेनू ठरला असेल तर तो बाजूला ठेवा. बहुतेक मंडळांत मीटिंगचा पहिला तास चिकन की मटण, बिर्याणी की साधा भात यातच जातो आणि मग उरलेल्या पाच मिनिटांत "बाकी काय, सगळ्या मिळून करू" असं म्हणून प्रार्थना करून उठतात. सगळ्या मिळून करू म्हणजे कोणीच ठरवलेलं नाही, आणि मग ज्यांना न करता राहवत नाही त्याच चार-पाच जणी करतात. आधी हात मोजा, मग त्या हातांना झेपेल असा मेनू काढा. मला सांगायचंय ते खरं तर एवढंच, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

हात मोजायचे म्हणजे काय ते सांगते. १२० माणसांचं साधं जेवण, म्हणजे चिकन रस्सा, शाकाहारी रस्सा, चपाती, भात, कोशिंबीर आणि एक गोड, हे माझ्या हिशेबानं साधारण १०० तासांचं काम आहे. चपात्यांना २० तास, चुलीपाशी चार जण चार-चार तास म्हणजे १६, गाजर किसून हलवा करायला १२, कांदा-लसूण-वाटण-भाज्यांना १०, खरेदीला ८, हॉल लावायला ६, वाढायला १०, भांडी आणि झाडलोट १२, फोन-निरोप-हिशेब यांना ६. आता हे १०० तास पाच जणींवर पडले तर एकीच्या वाट्याला २० तास येतात, ते पण दोन दिवसांत, नोकरी आणि घर सांभाळून. तुमच्या त्या दोघी दमल्या नसत्या तरच नवल. त्या रुसल्यात असं म्हणू नका, त्यांना कोणी विचारलंच नाही की झेपतंय का. आणि हेच १०० तास असे बघा, ३५ जणींनी प्रत्येकी फक्त दोन तास दिले की ७० तास झाले, उरलेले ३० तास पुरुष आणि तरुण संघाकडे. दोन तास कोणालाही जड नाहीत. हा हिशेब मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवा, लोकांना एकदा आकडा दिसला की बोलणंच बदलतं, हे मी पाहिलंय.

दोन तास मागताना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कोण कोण मदत करणार?" असा मेसेज टाकू नका. त्यावर हात जोडलेले पंधरा इमोजी येतील आणि काम एकाही बाईच्या अंगाला लागणार नाही. प्रत्येकीला फोन करा किंवा रविवारी उपासनेनंतर गाठून विचारा, आणि विचारताना काम आणि वेळ दोन्ही सांगा. "मदत कराल का" असं नाही, तर "शुक्रवारी संध्याकाळी ६ ते ८ हॉलमध्ये बसून गाजरं किसायची आहेत, सहा जणी आहेत, तुम्ही याल का" असं. बाईला कळतं की नक्की काय करायचंय आणि कधी सुटका होणार, मग ती हो म्हणते, किंवा नाही म्हणते, पण खरं उत्तर देते. ३५ फोन म्हणजे दोघींनी वाटून घेतले की दोन संध्याकाळचं काम आहे.

आता कोणाला काय काम द्यायचं, इथे जरा थांबते कारण बिघडतं ते इथेच. आपल्या मंडळ्यांत नर्स आणि शिक्षिका खूप, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. नर्स बाईला शनिवारी दुपारी या म्हणून काही उपयोग नाही, तिची ड्यूटी आदल्या आठवड्यात बदलते. तिला तारखेला न बांधलेलं काम द्या, किराण्याची यादी दुकानात देऊन भाव ठरवणं, भांडीवाल्याला फोन, टेबलक्लॉथ धुऊन इस्त्री करून ठेवणं. शाळेतल्या बाई हिशेब आणि यादी चांगली ठेवतात. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बहिणी पण आपल्या मंडळात असतात आणि मी हे मनापासून सांगते, त्यांना आपोआप भांडी घासायला पाठवू नका. आठवडाभर तेच करून येतात बिचाऱ्या आणि देवाच्या घरात पण पुन्हा तोच कोपरा. उलट त्यातल्या एखादीचा हात स्वयंपाकाला इतका बसलेला असतो की मोठ्या पातेल्याची प्रमुख तीच असायला हवी, तिला पळी द्या आणि डॉक्टर बाईंना तिच्या हाताखाली कांदा चिरायला बसवा. आमच्याकडे असं सुरू झाल्यापासून मंडळाची हवाच बदलली. एक गोष्ट फक्त लक्षात ठेवा, ज्यांचा रोजंदारीचा दिवस बुडतो त्यांना शनिवार दुपार मागू नका, संध्याकाळ मागा.

म्हाताऱ्या आज्यांना "तुम्ही नुसत्या येऊन बसा" म्हणणं मला अजिबात आवडत नाही. किलोभर लसूण सोलायचा असतो, तांदूळ निवडायचे असतात, कोथिंबीर निवडायची असते, ही सगळी बसून करायची कामं आहेत आणि त्या गप्पा मारत मारत तासाभरात उरकतात. तान्ह्या मुलांच्या आयांना सोडून द्यायचं नाही, लहान मुलं सांभाळणं हे पण यादीतलं काम आहे, चुलीपासून लांब शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या) खोलीत दोघी मुलांना घेऊन बसल्या की बाकीच्या दहा जणी मोकळ्या होतात. ते काम यादीत नावासकट लिहा, नाहीतर त्या दोघींनी काही केलं नाही असं कोणीतरी म्हणतंच. आणि मंडळीत लग्न होऊन आलेल्या नव्या सुना, त्यांना एकटीला काम देऊ नका, कोणातरी जुन्या बाईबरोबर जोडी लावा, ओळख होते.

बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आपण सगळ्यांनी ऐकलाय, पण तो या कामासाठी म्हणून परत वाचा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष व्हायला लागलं, कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी काय केलं, तर जास्त प्रेम करा असा नुसता उपदेश देऊन थांबले नाहीत, सात माणसं नावानिशी निवडून त्यांच्यावर ते काम सोपवलं. स्तेफन त्या सातांतलाच. म्हणजे पंगतीच्या कामाला नाव लावून माणूस नेमणं हे काही ऑफिसातलं खूळ नाही, मंडळीत हे पहिल्यापासून आहे. कोणी म्हणालंच की "देवाच्या कामात कसली ड्यूटी लावता" तर हा अध्याय वाचून दाखवा.

प्रत्येक कामाला एक प्रमुख आणि दोन-तीन मदतनीस, आणि एक बाई दोन कामांची प्रमुख नाही, हा नियम मोडू नका. आणि सगळ्याची मुख्य जी असेल, म्हणजे बहुतेक तुम्हीच, तिनं त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावायचा नाही. जिच्याकडे वही तिच्याकडे पळी नको. तुम्ही फोडणीत अडकलात की पाण्याचा जार आला नाही हे बघायला कोणी उरत नाही. हे करायला अवघड जातं कारण आपल्याला उभं राहून बघायची सवय नाही, पण करा.

तारखेबद्दल. डिसेंबर म्हणताय तर दुसऱ्या शनिवारच्या पुढे जाऊ नका. तिसऱ्या आठवड्यापासून घरोघरी करंज्या, शंकरपाळ्या, लाडू सुरू होतात, रात्री कॅरल राउंड, म्हणजे घरोघरी जाऊन ख्रिसमसची गाणी म्हणणं, असतात, तरुण संघ तिकडे जातो, आणि २५ आणि ३१ जवळ आले की चिकन-मटणाचे भाव पण वर जातात. लग्नसराई असते म्हणून भांडी आणि भट्ट्या महिनाभर आधी सांगून ठेवा, ऐन वेळी १२० ताटं मिळत नाहीत. हॉलसाठी पाळकसाहेबांना आणि पास्टोरेट कमिटीला (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीला) सहा आठवडे आधी लेखी द्या, तोंडी नको, त्याच दिवशी कोणाचा तरी साखरपुडा निघतो. मार्गशीर्ष पण बघून घ्या, हिंदू शेजारणींना बोलावणार असाल तर त्या महिन्यात काही जणी मांसाहार करत नाहीत.

आता मेनू. हात मोजून झाले आणि ३५ पैकी तिसेक जणी खरंच दोन तास देतायत असं दिसलं तर गाजर हलवा करा, डिसेंबरात गाजर छान आणि स्वस्त मिळतं, आणि किसणं हे बसून गप्पा मारत करायचं काम आहे, त्यात न बोलणाऱ्या बायका पण बोलायला लागतात. हात कमी पडतायत असं वाटलं तर शिरा करा, ४ किलो रव्यात १२० जणांचं भागतं आणि दोघी तासाभरात उरकतात. बिर्याणी मी सुचवणार नाही. ती एका माणसाच्या हातावर असते, ३५ जणींना तिच्यात काही करता येत नाही, आणि दम चुकला की सगळंच गेलं. रस्सा-चपाती-भात यात काम तुकड्या-तुकड्यांत वाटता येतं, एखादा तुकडा बिघडला तरी जेवण होतं.

सगळं घरूनच करून आणा, प्रत्येकीनं एक पदार्थ, असं पण काही ठिकाणी करतात. त्यात मला दोन अडचणी दिसतात. सहा जणी बटाट्याची भाजी आणतात आणि चपात्या कमी पडतात ही एक. दुसरी मोठी आहे, कोणाचा डबा पनीरचा आणि कोणाचा मसूरच्या आमटीचा हे सगळ्यांना दिसतं, आणि जिच्याकडे महिनाअखेर आहे ती काहीतरी कारण सांगून येतच नाही. म्हणून आम्ही शिधा देतो. मंडळाच्या फंडातून कणीक आणि तेल आणायचं, १३ घरांना प्रत्येकी १ किलो कणीक मोजून द्यायची आणि २५ चपात्या मागायच्या. १ किलोच्या २८ ते ३२ चपात्या होतात, वरच्या चार-पाच घरच्या पोरांना. १३ घरांच्या सव्वातीनशे होतात, १२० माणसांना भाताबरोबर भरपूर झाल्या. सगळ्यांची कणीक एक, आकार साधारण एक, डब्यात खाली कापड घालून आणायच्या आणि संध्याकाळी साडेपाचला कार्यक्रमाला येतानाच आणायच्या, लवकर नाही, नाहीतर वातड होतात. चपातीचं काम घरी गेलं की हॉलमधली गर्दी पण निम्मी होते.

बाकीची मापं देते, १२० पानांसाठी, त्यात वीस-पंचवीस मुलं आणि तेवढेच शाकाहारी असतील असं धरून. चिकन हाडांसकट १६ किलो. कांदा रश्श्यांना ६ किलो आणि कोशिंबिरीला २. सुकं खोबरं सव्वा किलो, लसूण किलोभर, आलं त्याच्या निम्मं. तेल ३ लिटर धरा. तांदूळ ९ ते १० किलो, चपात्या आहेत म्हणून, नुसता भात असता तर जास्त लागला असता. शाकाहारी रश्शाला वांगी-बटाटा मिळून ७ किलो, मांसाहार करणारे पण तो घेतातच. हलव्याला गाजर ११ किलो, दूध ११ लिटर, साखर अडीच-तीन किलो. प्यायच्या पाण्याचे २० लिटरचे चार जार. वाटण एकच करा, कांदा-खोबऱ्याचं, ते दोन्ही रश्श्यांना चालतं, निम्मं काम वाचतं, पण शाकाहारीचं पातेलं, पळी आणि वाढणारा माणूस वेगळा, त्यात कसूर नको. दाण्याचं कूट कोशिंबिरीत घालणार असाल तर बाजूला वाटीत ठेवा, कोणाला चालत नाही. डायबेटिसवाल्यांना पेरू किंवा पपई चिरून ठेवली की त्यांना गोडाच्या वेळी ओशाळं होत नाही.

मसाल्यावरून वाद होतो, दरवेळी होतो. नगरची बाई, मराठवाड्याची बाई, कोकणातून आलेली बाई, प्रत्येकीच्या घरचा मसाला वेगळा आणि प्रत्येकीला आपलाच बरोबर वाटतो, त्यात चूक काही नाही. पण पातेल्यात एकच मसाला जाणार. आधीच्या मीटिंगमध्ये ठरवा की यंदा कोणाच्या घरचा, पुढच्या वर्षी दुसरीचा, वहीत लिहून ठेवा म्हणजे पाळी येते. आणि मीठ. मीठ घालणारी बाई एकच, नाव ठरवून. येता-जाता चव बघून चिमूट टाकणाऱ्या चार जणी असल्या की १६ किलो चिकन खारट व्हायला वेळ लागत नाही, आणि मग कोणी घातलं यावर आठवडाभर चर्चा.

शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये कांदा चिरणं, लसूण, गाजर किसणं, खोबरं भाजून वाटण, एवढं करून फ्रीजमध्ये टाका, मंडळीत फ्रीज नसेल तर जवळच्या दोन-तीन घरांत वाटून ठेवा. हलवा शनिवारी सकाळी, आदल्या रात्री नको, दुधाचा पदार्थ आहे. चिकन शनिवारी दुपारी २ वाजता आणा, सकाळी आणून पोतं तसंच ठेवू नका. धुऊन, हळद-मीठ-आलं-लसूण लावून ठेवा, साडेतीनला चढवा, सव्वापाचपर्यंत होतं. भट्टीवर मोठं पातेलं तापायलाच वेळ जातो हे घरच्या गॅसवर करणारीच्या लक्षात येत नाही, तेवढा वेळ हातात ठेवा. भात १० किलो एकदम टाकू नका, हात बसला नसेल तर खालचा लगदा होतो आणि वरचा कच्चा राहतो. पाच-पाच किलोचे दोन घाणे करा, पहिला पंगतीला गेला की दुसरा तयार होतोय असं. गॅसचा एक भरलेला सिलेंडर जादा ठेवा. भट्टी उघड्यावर किंवा मोकळ्या शेडमध्ये, शेजारी वाळूची बादली आणि ओली गोणपाटं, चुलीपाशी सुती कपडे, ओढणी-पदर खोचलेला, आणि मुलं तिकडे फिरकणार नाहीत हे बघायला एक माणूस. उकळतं पातेलं उचलणं हे बायकांचं काम नाही, चार धडधाकट पुरुष त्या वेळेला हजर पाहिजेत, त्यांची नावं पण यादीत.

मी पुरुषांचा उल्लेख करतेय कारण "महिला मंडळाचं जेवण आहे ना, मग महिलाच करतील" असं म्हणतात आणि आपणही ते मान्य करतो. माझ्या मते कार्यक्रमाच्या वेळी, म्हणजे साडेपाच ते पावणेसात, स्वयंपाकघरात एकही बाई नसावी. मंडळाचा वर्षातला एक कार्यक्रम, अहवाल वाचन, गाणी, वचन, साक्षी, आणि त्याच वेळी दहा जणी मागे धुरात उभ्या, हे बरोबर नाही. मार्था-मरीयेची गोष्ट, मार्था कामात बुडालेली आणि मरीया येशूपाशी बसून ऐकणारी, आपण एकमेकींना सुनावत बसतो, पण मार्थेला बसायला मिळेल अशी वेळ कोणी आखत नाही. रस्से सव्वापाचला तयार, मंद आचेवर झाकण ठेवून, दोन पुरुष लक्ष ठेवायला, भाताचं आधण ६ वाजता तरुण संघातली स्वयंपाक येणारी मुलं टाकतील, असतात अशी मुलं, हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना छान येतं. वाढायच्या आधी रस्सा परत खळखळून उकळवायचा एवढं त्यांना बजावून सांगा.

पंगत की बुफे, तर १२० साठी मी दोन पंगती म्हणेन. बुफेत म्हातारी माणसं ताट धरून उभी राहतात आणि पहिले वीस जण चिकनचे तुकडे वेचून नेतात, शेवटच्यांना रस्साच. पौलानं करिंथकरांना पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात याच गोष्टीवरून फटकारलंय, जे आधी येतात ते खाऊन घेतात आणि बाकीचे उपाशी राहतात. पहिली पंगत म्हातारी माणसं, मुलं, पाहुणे. दुसरी पंगत महिला मंडळाची, सगळ्या जणी, आणि वाढायला पुरुष आणि तरुण संघ. त्यासाठी पहिली पंगत बसायच्या आधीच दुसरीचा वाटा वेगळ्या पातेल्यात काढून झाकून ठेवायचा, याला पण एक माणूस नेमा, कारण काढला नाही तर उरत नाही. करणाऱ्यांनी शेवटी उभ्या उभ्या खरवड खायची ही पद्धत आपल्या घरात पण चुकीची आणि मंडळीत पण चुकीचीच. तुमच्या त्या दोघींना या पंगतीत मधोमध बसवा.

भांडी घासणारी टोळी ही स्वयंपाक न केलेल्यांची, आणि ती आधी ठरलेली. इथे सगळ्यात जास्त लोक गायब होतात, म्हणून पुरुष आठ-दहा, पाळकसाहेबांना पण विचारा, आमच्याकडे पाळक बाही वर करून उभे राहिले त्या वर्षीपासून माणसं मागावी लागत नाहीत. पाण्याची टाकी सकाळीच भरून घ्या. उरलेलं अन्न कोणाकडे जाणार हे आधी ठरवा, बोर्डिंगच्या मुलांना, वॉचमनच्या घरी, आजारी असल्यामुळे न आलेल्यांना डबा, आणि ते शिजल्यापासून दोन तासांत पोचलं पाहिजे किंवा गरम राहिलं पाहिजे. भात तर रात्रभर बाहेर ठेवून सकाळी कोणाला देऊ नका, बिघडलेला दिसत नाही पण पोट बिघडवतो.

पैशाचं. वर्गणी सगळ्यांना सारखी लावली की काही जणी गळतात. आम्ही बंद पाकीट ठेवतो, नाव न लिहिता, ज्याला जे जमेल ते, आणि काम हे पण वर्गणीच आहे असं मीटिंगमध्ये स्पष्ट सांगतो. यूपीआयनं देणाऱ्यांचं नाव खजिनदाराला दिसतं, ते तिच्यापाशीच राहिलं पाहिजे, कोणी किती दिले हे बोलायचं नाही. खर्चाची मात्र एकूण एक पावती पुढच्या सभेत सगळ्यांसमोर. रक्कम लहान असली तरी. हिशेब उघडा असला की पुढच्या वर्षी पाकीटं आपोआप भरतात.

त्या दोघींचं शेवटी लिहितेय पण करायचं सगळ्यात आधी, म्हणजे तारीख ठरवायच्याही आधी. त्यांच्या घरी जा, एकटीनं जाऊ नका, पाळकीणबाईंना किंवा एखाद्या जुन्या बाईला घेऊन जा. काम मागायला जाऊ नका. गेल्या वर्षी तुमच्यावर २० तासांचं ओझं पडलं आणि आम्ही बघत राहिलो, असं सरळ म्हणा आणि तेवढंच म्हणून चहा घेऊन या. त्या आल्या तर यंदा त्यांना चुलीचं काम देऊ नका, त्यांना येत असलं तरी. एक पाहुण्यांचं स्वागत, एक प्रार्थना किंवा वचन वाचन. त्या म्हणतील आम्ही करतो ना, पण नाही. आणि नाही आल्या तर जेवणाचा डबा त्यांच्या घरी पोचला पाहिजे, गरम, पहिल्या पंगतीच्या वेळीच.

नंतर आठ दिवसांच्या आत एक छोटी बैठक घ्या आणि वहीत लिहा, काय किती आणलं, किती उरलं, कुठलं काम कमी हातांवर पडलं, कोणाला पुढच्या वर्षी दुसरं काम हवंय. पुढच्या वर्षीची मुख्य तिथेच ठरवा आणि वही तिच्याकडे द्या, लागोपाठ दोन वर्षं एकच बाई नको. भाड्याची भांडी रविवारी उपासनेनंतर मोजून परत करा, नेताना मोजली होती त्याच कागदावर खूण करून, चमचे नेहमी कमी भरतात म्हणून ते आदल्या रात्रीच मोजा, डिपॉझिट परत आलं की पावती खजिनदाराकडे द्या.